मामांची शोकसभा, करमणूक वगळून

माणूस गेल्यावर त्याची सभा घेणं हे जगातलं सर्वांत सोपं काम आहे, अशी माझी समजूत होती. एक हॉल लागतो, एक फोटो लागतो, खुर्च्या लागतात. तीन-चार जण बोलतात, बाकीचे घड्याळाकडे बघतात, मग सगळे चहा पिऊन घरी जातात. शिवाय ज्याच्यासाठी हे सगळं चाललेलं असतं तो स्वतः मानपानावरून रुसून बसत नाही. लग्नकार्याबद्दल असं म्हणता येणार नाही. त्यामुळे मामीने जेव्हा विचारलं, "यांची एक सभा घेशील का रे?", तेव्हा मी मागचापुढचा विचार न करता "घेऊ की" म्हणून मोकळा झालो. मी मोकळा झालो की पुढची सगळी कामं माझ्याच गळ्यात पडतात, हे बायकोने मला लग्नाच्या पहिल्या वर्षीच सांगितलेलं आहे.

मामा म्हणजे माझ्या आईचे धाकटे भाऊ. पण आमच्या इमारतीत आणि आजूबाजूच्या दोन-तीन गल्ल्यांत त्यांना सगळेच मामा म्हणत, त्यांच्याहून वयाने मोठे असलेलेसुद्धा. हातचलाखीत त्यांच्या तोडीचा माणूस झाला नाही असं जाणकार सांगतात. जाणकार नसलेले तर त्याहून मोठ्या आवाजात सांगतात. पेटी नाही, पडदा नाही, काळा झगा नाही. बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या आणि तळहातावर एक नाणं. ते नाणं तुमच्या डोळ्यांदेखत नाहीसं व्हायचं आणि तुमच्याच बंद मुठीत सापडायचं. एकदा म्हणे एका मंत्र्याशी हात मिळवताना त्यांनी मंत्र्याच्या बोटातली अंगठी काढून त्याच्या शेजारच्या अधिकाऱ्याच्या बोटात घातली होती, आणि दोघांच्याही ते घरी जाईपर्यंत लक्षात आलं नव्हतं. ही गोष्ट सांगणारा प्रत्येक जण त्या वेळी तिथे हजर होता. मी हिशेब केला तर त्या दिवशी तिथे निम्मं शहर गोळा झालं असलं पाहिजे.

मी "घेऊ की" म्हटल्यावर मामीने मटार सोलायचे थांबवले आणि दार लोटून घेतलं. मामी दार लोटून बोलते तेव्हा गोष्ट साधी नसते.

"भाषणं कोणी काय करायची ते करू देत," ती म्हणाली. "मला एकच गोष्ट कळली पाहिजे. शेवटची दोन-अडीच वर्षं हात थरथरायचा यांचा. तरी रोज संध्याकाळी खाली बाकावर जाऊन नाणं काढायचे. वर आले की पहिला प्रश्न, 'आज कुणाला दिसलं असेल का गं?' मी म्हणायची, 'छे, कुणाला दिसतंय.' मला काय माहीत? मी कधी खाली गेलेच नाही. बघवलं नसतं मला."

"मामी, आता ते कशाला..."

"ऐक. ते म्हणायचे, आज नको जायला, हात बरोबर नाही. मीच ढकलायची त्यांना. म्हणायची, जा, घरात बसून जीव आंबेल. आता रात्रंदिवस तेच डोक्यात येतं. लोकांना दिसत असेल, मागून हसत असतील, तर मी या माणसाला रोज हसं करून घ्यायला पाठवत होते की नाही?"

मी मटारच्या शेंगा उचलून सोलायला लागलो. याचं कारण असं की उत्तर मला माहीत होतं. मी ऑफिसातून परत येताना बाकाजवळ थांबत असे. नाणं दिसायचं. चांगलं दिसायचं. बोटांच्या फटीतून डोकवायचं, कधी बाहीवरून घरंगळायचं, एकदा तर खाली पडून कोपऱ्यावरच्या केमिस्टच्या बुटापर्यंत गेलं होतं. मामांच्या आयुष्यभराच्या कीर्तीला तिथे रोज संध्याकाळी भोक पडत होतं आणि समोर बसलेल्या लोकांना दोन-दोन डोळे होते.

"विचारू आपण," मी म्हटलं.

"तुला नाही विचारणार. तू घरचा, तू गोड बोलशील. मी ऑडिटरांना विचारणार आहे, सभेत, सगळ्यांसमोर. तो माणूस खोटं बोलत नाही."

हे ऐकल्यावर माझ्या हातातला मटार थेट फ्रिजखाली गेला.

ऑडिटर आमच्या वरच्या मजल्यावर राहतात. निवृत्त झालेले आहेत, पण ते ऑफिसच्या दृष्टीने. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांच्या चुका शोधल्या आणि त्या मोठ्या आवाजात वाचून दाखवल्या. खोटं बोलणं त्यांना जमत नाही, आणि ते जमावं असं त्यांना कधी वाटलेलंही नाही. शेजारच्या घरी बाळ झालं तेव्हा सगळे बघायला गेले होते. आजीने कौतुकाने विचारलं, कुणावर गेलंय? ऑडिटरांनी बाळाकडे नीट वाकून पाहिलं आणि म्हणाले, "अजून कुणावरच नाही. थांबून बघा." आणि हा गृहस्थ मामांच्या बाकासमोर, अगदी नाकासमोर, रोज संध्याकाळी बसत असे.

म्हणजे आता माझ्यापुढे दोन कामं होती. सभा घडवून आणायची, आणि सभेत ऑडिटरांचं तोंड उघडू द्यायचं नाही. पहिलं काम सोपं वाटत होतं म्हणून मी आधी ते घेतलं.

सार्वजनिक सभागृहाच्या खिडकीत बसलेल्या कारकुनाने विचारलं, "कशासाठी हवाय हॉल?"

"स्मृतिसभा आहे. मोठे जादूगार होते."

"जादूगार म्हणजे करमणूक. दुसरा मजला."

दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी माझ्यापुढे परवानगीचे कागद सरकवले. आगीचे खेळ असल्यास अग्निशमन दलाचा दाखला. धारदार वस्तू असल्यास त्यांची मापं. "प्राणी किती?" त्यांनी विचारलं.

"प्राणी नाहीत."

"ससा?"

"ससा नव्हता त्यांच्याकडे."

"जादूगार आणि ससा नाही?" बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे असं पाहिलं की क्षणभर मलाच वाटलं, आपण ससा लपवतोय. "बरं. जादूगार किती वाजता येणार?"

"ते येणार नाहीत. ते वारले."

"मग करमणूक कोण करणार?"

"कुणीच नाही. करमणूक होणारच नाही."

"मग वर कशाला आलात? शोकसभा खाली."

खाली पुन्हा तोच कारकून. शोकसभेला हॉल फुकट मिळतो, पण या सवलतीचा लोक गैरफायदा घेतात असा कार्यालयाचा अनुभव होता. कुणीतरी शोकसभा म्हणून हॉल घेऊन त्यात म्हणे ऑर्केस्ट्रा केला होता. त्यामुळे माझ्याकडून एक हमीपत्र लिहून घेण्यात आलं. "सदर सभेत कोणत्याही प्रकारची करमणूक होणार नाही, आणि झाल्यास त्यास मी व्यक्तिशः जबाबदार राहीन." शिवाय आमचा विषयच संशयास्पद असल्यामुळे एक निरीक्षक स्वतः हजर राहून खात्री करून घेणार होते.

घरी येऊन मी हे बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "पहिलं भाषण तुमचंच आहे ना? मग त्यांना काही सापडणार नाही."

इमारतीत बातमी पसरली आणि सल्ले सुरू झाले. आमचे चेअरमन हे सल्ल्याच्या बाबतीत अत्यंत उदार आहेत. ते आधी म्हणाले पुतळा उभारा. बाकावर बसलेला, हातात नाणं. मी म्हटलं, एवढ्यात शक्य नाही. मग म्हणाले, निदान गेटला त्यांचं नाव द्या. मी म्हटलं, गेटचं बिजागर आधी बदलू या. निरीक्षक येणार हे ऐकल्यावर मात्र त्यांनी खरोखर कामाचा सल्ला दिला. "त्यालाच प्रमुख पाहुणा करा. पुढच्या खुर्चीत बसवला की माणूस तपासत नाही, झोपतो." चेअरमन स्वतः गेली कित्येक वर्षं पुढच्या खुर्चीत बसत आलेले असल्यामुळे मी त्यांचा शब्द मानला.

मग फोटोचा प्रश्न निघाला. मामांचे फोटो घरात ढीगभर, पण एकातही ते कॅमेऱ्याकडे बघत नव्हते. हातात नाणं असलं की ते नेहमी डाव्या बाजूला कुठेतरी बघायचे, म्हणजे समोरचाही तिकडेच बघतो. त्या सवयीने साध्या घरगुती फोटोतसुद्धा, अगदी स्वतःच्या लग्नाच्या फोटोतसुद्धा, ते डावीकडे बघत होते आणि त्यामुळे शेजारी उभी असलेली मामीही तिकडेच बघत होती. त्यातला एक मी मोठा करून घेतला. हॉलमध्ये लावून पाहिला तर आत येणारा प्रत्येक जण आधी फोटोकडे बघायचा आणि मग डावीकडे. डावीकडे वीजमीटरचा डबा होता. सभेच्या दिवशी चार माणसांनी मला विचारलं, मीटरला काय झालंय?

याच सुमारास मामांचे दोन पट्टशिष्य मला भेटायला आले. एक दातांचा डॉक्टर आणि एक शिंपी. दोघांचीही बोटं अशी हलकी की डॉक्टरने दात काढलेला पेशंटला घरी जाऊन आरशात कळतो. ते म्हणाले, आम्हाला गुरूंना आमच्या पद्धतीने आदरांजली वाहायची आहे. मी हमीपत्राची सगळी हकिगत सांगितली आणि बजावलं की प्रयोग अजिबात नको.

"प्रयोग नाही हो," डॉक्टर म्हणाला. "कुणाला दिसणारसुद्धा नाही."

"मग हरकत नाही," मी म्हटलं. नीट विचार केला असता तर याच वाक्यावर माझे कान टवकारायला हवे होते. पण माझं सगळं लक्ष ऑडिटरांवर होतं.

ऑडिटरांकडे मी एका संध्याकाळी सहज म्हणून गेलो. सहज गेलेलं त्यांना चालत नाही. दार उघडून त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "काय काम?"

"सभेत आपण दोन शब्द बोलणार ना," मी सुरुवात केली. "मला वाटतं, मामांच्या ऐन उमेदीच्या काळाबद्दल बोलावं."

"त्या काळात मी इथे नव्हतो. जे पाहिलं नाही त्याबद्दल मी बोलत नाही."

"मग त्यांच्या स्वभावाबद्दल."

"स्वभाव तपासता येत नाही."

"मग आपण बोलणार तरी काय?"

"मी त्यांच्या समोर बसायचो. मामींनी परवा जिन्यात गाठून सांगितलंय, मी काहीतरी विचारणार आहे, खरं सांगा. मी सांगितलं, मला दुसरं येतच नाही."

मी खूप आडवळणं घेतली. म्हाताऱ्या माणसाचं मन, गेलेल्या माणसाचा मान, सत्याच्याही काही मर्यादा असतात, वगैरे. माझ्याच आवाजाने मी हेलावून गेलो. ऑडिटरांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मुद्दा काय आहे?" मला मुद्दा सांगता येईना. सांगायचा म्हणजे नाणं दिसत होतं हे कबूल करणं आलं, आणि ते मी आजवर बायकोलाही सांगितलेलं नव्हतं. मी पाणी पिऊन उतरलो.

शेवटी मी केमिस्टला विश्वासात घेतलं. मात्र त्यालाही कारण सांगितलं नाही. एवढंच म्हटलं, "ऑडिटर फार लांबण लावतात. मी उजवा हात कानाला लावला की तू जोरात खोकायचं, आणि मी आभार मानायला उठेन." केमिस्ट आनंदाने तयार झाला. त्याच्याकडे खोकल्याचे सगळे प्रकार माहितीचे होते. त्याने मला तीन करून दाखवले आणि मी ओला निवडला.

सभेचा दिवस उजाडला. हॉल भरला. इतका भरला की मागे माणसं उभी राहिली, आणि माझा ऊर उगाचच भरून आला. मामी पहिल्या रांगेत अगदी ताठ बसली होती, परीक्षेच्या निकालाला बसावं तशी. निरीक्षक व्यासपीठावर मधल्या खुर्चीत होते. प्रमुख पाहुणे केल्यामुळे ते संकोचले होते, पण कर्तव्य विसरले नव्हते. करमणुकीची चिन्हं दिसतात का म्हणून ते एकेका चेहऱ्याकडे आळीपाळीने बघत होते. त्यांच्या एका बाजूला चेअरमन आणि दुसऱ्या बाजूला ऑडिटर. मागच्या बाजूला, पाहुण्यांना पाणी देण्याच्या कामावर, डॉक्टर आणि शिंपी स्वतःहून उभे राहिले होते. केवढी ही नम्रता, असं मला त्या वेळी वाटलं होतं.

मी उभा राहून म्हटलं, "आपण सर्वांनी दोन मिनिटं डोळे मिटून उभं राहू या."

सगळे उभे राहिले. ऑडिटरांनी चष्मा काढून खिशात ठेवला. डोळे मिटायचेच आहेत तर काच कशाला झिजवायची, असा त्यांचा हिशेब असणार. सगळीकडे गंभीर शांतता पसरली. आणि नेमक्या त्या वेळी माझ्या उजव्या कानाला खाज सुटली.

मी सभ्य माणूस आहे. बराच वेळ सहन केली. पण शेवटी हात कानाकडे गेलाच, आणि तिसऱ्या रांगेतून ओला खोकला सुरू झाला. केमिस्ट डोळे मिटून नव्हता, तो माझ्यावर नजर ठेवून होता. मी घाबरून हात हलवून त्याला थांब म्हणून खुणावलं. ती खूण त्याने आणखी जोरात असा अर्थ लावून घेतली. तो खोकता खोकता वाकला. दोघांनी त्याची पाठ चोळली. कुणीतरी "हवा येऊ द्या" म्हणालं. सगळ्या हॉलचे डोळे उघडले आणि सगळे केमिस्टकडे बघायला लागले, निरीक्षकसुद्धा. हातचलाखीच्या दोन शिष्यांना आयुष्यात यापेक्षा चांगली संधी मिळाली नसेल.

शांतता कशीबशी आटोपून मी भाषणाचा कागद काढायला कोटाच्या खिशात हात घातला. हाताला लागलं ते घड्याळ. मी ते टेबलावर ठेवलं. पुन्हा हात घातला, पेन आलं. मग एक चष्मा, एक किल्ल्यांचा जुडगा आणि एक टायपिन. माझा कागद काही मिळेना. मी जसजसा काढत गेलो तसतसा हॉलमध्ये आधी कुजबुज, मग खसखस आणि मग खणखणीत हशा पिकला. व्यासपीठावर निरीक्षक स्वतःच्या मोकळ्या मनगटाकडे बघत होते. चेअरमन टाय हातात धरून उभे होते. सबंध शहरासमोर मी पाहुण्यांचे खिसे कापलेला इसम म्हणून उभा होतो, आणि पहिल्या रांगेत माझी बायको तोंडाला रुमाल लावून हलत होती.

मागून डॉक्टर पुढे आला आणि माइकवर म्हणाला, "मामांच्या वाढदिवसाला आम्ही सगळ्या पाहुण्यांच्या वस्तू मामांच्या खिशात पोहोचवायचो. पकडला जाईल त्याने कपबश्या विसळायच्या, असा नियम होता. आता मामा नाहीत, म्हणून त्यांच्या भाच्याच्या खिशात. ही आमची आदरांजली." लोकांनी टाळ्या वाजवल्या.

निरीक्षक माझ्या कानाशी वाकले. "हे करमणुकीत धरावं लागेल."

"साहेब, ही करमणूक नाही, ही चोरी आहे," मी काकुळतीने म्हटलं.

ते विचारात पडले. "चोरी आमच्याकडे येत नाही," ते म्हणाले, आणि घड्याळ मनगटाला बांधून खाली बसले.

एवढ्या गोंधळात मामी उठून उभी राहिल्याचं माझ्या लक्षात आलं नाही. आलं तेव्हा हॉल हळूहळू शांत होत होता.

"मला ऑडिटरांना एक विचारायचंय," मामी म्हणाली. तिचा आवाज लहानसाच होता. "शेवटी शेवटी यांचा हात थरथरायचा. तुम्ही रोज समोर असायचात. नाणं दिसायचं का हो?"

माझा हात कानाला गेला. मी कान ओढला, पिळला. केमिस्टने माझ्याकडे पाहिलं, पण तो खोकला नाही. तो मामीकडे बघत राहिला. त्याचा चेहरा एकदम उतरला होता.

ऑडिटर उठले. माइकपर्यंत येताना ते टेबलाला धडकले, कारण चष्मा अजून माझ्या समोर पडलेला होता. मी तो लगबगीने पुढे केला.

"असू दे," ते म्हणाले. "याच विषयावर बोलायचंय." मग त्यांनी घसा साफ केला. "मला चष्म्याशिवाय समोरचा माणूस दिसत नाही. आत्ता मामी कुठे उभ्या आहेत ते मी आवाजावरून सांगतोय. मामा बाकावर बसले, त्यांनी बाह्या दुमडल्या, की मी चष्मा काढून पुसायला घ्यायचो. नाणं गेलं असं ते म्हणाले की मग घालायचो. रोज. तेव्हा जे दिसलं ते सांगतो. मला कधीही, काहीही दिसलं नाही."

एवढं बोलून ते तिथेच उभे राहिले. परत खुर्चीकडे कसं जायचं ते त्यांना कळत नव्हतं.

मला आधी सुटल्यासारखं झालं, पण लगेच दुसरा विचार आला. न बघण्यासाठी एखादा रोज चष्मा काढतो, म्हणजे बघण्यासारखं काही होतं, हे मामीला कळायला कितीसा वेळ लागणार?

तेवढ्यात केमिस्ट उठला. "मी झाडात पक्षी शोधायचो," तो म्हणाला. "मामा म्हणायचे, बघ हं नीट. आणि मी म्हणायचो, मामा, वर काहीतरी बसलंय. मला वाटायचं, माझ्या एकट्याच्याच लक्षात आलंय."

"मी बुटाची नाडी बांधायचो," चेअरमन टाय सावरत म्हणाले. मग थोडं थांबून म्हणाले, "माझे बूट बिननाडीचे आहेत."

मागून इस्त्रीवाल्याचा आवाज आला की तो नेमका त्या वेळी तिथे नसलेल्या कुणाला तरी हाक मारायचा. दुधाची गाडी चालवणारा म्हणाला की तो डोळ्यात कचरा गेला म्हणायचा, आणि मामा नाणं तसंच ठेवून त्याच्या डोळ्यावर फुंकर मारायला उठायचे. एकामागून एक माणसं उठत होती. प्रत्येकाची आपापली युक्ती होती आणि कुणाला दुसऱ्याची माहिती नव्हती. रोज संध्याकाळी त्या बाकासमोर एवढी माणसं बसायची आणि नेमक्या क्षणी एकही नजर मामांच्या हातावर नसायची. मीसुद्धा उठलो. म्हटलं, "दिसायला लागल्यापासून मी ऑफिसच्या पिशवीत काहीतरी शोधायचो, मामी." मला रडू आलं, आणि ते मी लपवलं नाही. आधीच एवढी शोभा झाली होती की आणखी थोडी झाल्याने काही बिघडणार नव्हतं.

मामी सगळ्यांचं ऐकून घेत होती. जो बोलेल त्याच्याकडे वळून बघत होती. सगळ्यांचं बोलून झाल्यावर ती हळूच म्हणाली, "म्हणजे सगळ्यांना कळलं होतं."

चेअरमन आपल्या बिननाडीच्या बुटांकडे बघायला लागले.

"आणि हसलं कुणीच नाही."

"हसायला बघावं लागतं," ऑडिटर म्हणाले.

मामी खाली बसली. तिचे खांदे हलायला लागले तेव्हा मला वाटलं ती रडतेय, म्हणून मी व्यासपीठावरून उडीच मारली. पण ती हसत होती. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती. "आयुष्यभर हा माणूस दुसऱ्यांना भलतीकडे बघायला लावत आला," ती म्हणाली. "आणि रोज घरी येऊन मला विचारायचा, आज कुणाला दिसलं असेल का गं? एवढ्या सगळ्यांनी मिळून त्याला फसवलं आणि त्याला पत्ता नाही." तिच्या हसण्याने शेजारची बाई हसली, मग मागची रांग, मग सगळा हॉल. निरीक्षकांनी खिशातून कागद काढला, हॉलकडे पाहिलं, आणि कागद घडी करून परत ठेवून दिला. मला वाटतं, काय लिहायचं ते त्यांना सुचलं नसावं.

चहा झाला. डॉक्टर आणि शिंपी पकडले गेले नव्हते, म्हणून कपबश्या मी विसळल्या. खुर्च्या उचलून होईपर्यंत मामी दारातच थांबली होती, आणि ऑडिटर, केमिस्ट, चेअरमन असे सगळे घुटमळत उभे होते. सभा संपली तरी कुणाचा पाय निघत नव्हता.

"तुम्ही संध्याकाळचे बसता ना अजून खाली?" मामीने विचारलं.

"मामा गेल्यापासून नाही," ऑडिटर म्हणाले. "बघायचं काय तिथे?"

"काही बघायला नकोय," मामी म्हणाली. "उद्यापासून मी येऊन बसत जाईन म्हणते. तुम्ही या."